आधी तू बस

आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात गोदाम माझं आणि विक्री दादाची. गोदामाचा नियम एकच, आधी आलेला माल आधी वापरायचा. पण मी आजारी पडले आणि दादानं लाकूड चिकटवायच्या सरसाचे नवे डबे दाराशीच रचून घेतले. आत कोण नेणार! जुने डबे मागे पडून खराब झाले. नवे संपल्यावर कारागिरांनी तेच काढले आणि खुर्च्या बनवल्या.

आज मी कामावर आले, पहिलीच खुर्ची हलवली, तर तिचा पाय कुरकुरला. सगळ्यांची तीच गत. बाहेर ट्रक उभा.

"भर माल!" दादा ओरडला. "दुकानदाराला शब्द दिलाय मी."

"मग शब्दच पाठव. खुर्च्या जाणार नाहीत."

"अगं, दुकानात कोण बघतंय?"

"दुकानात नाही, घरी गेल्यावर कळेल. कुणाची तरी आजी पडेल तेव्हा."

"सख्खी बहीण धंद्याच्या मुळावर उठली!"

माझं डोकंच फिरलं. मी एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर आपटली.

"बस. तू बसलास की सगळा माल मी स्वतः भरते."

दादानं खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला. खुर्ची कुरकुरली. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मला बसायला वेळ नाही," तो पुटपुटला.

मी ड्रायव्हरला निघायची खूण केली. ट्रक रिकामा गेला. गोदामभर खुर्च्या होत्या आणि दादा उभाच होता.