माहेरच्या शिवेत

बोरखेडी आणि सावंगी या दोन गावांमधून नाला वाहतो. आजवर दोन्ही गावं आपापल्या काठावर मयत जाळत आली. पावसाळ्यात चितेवर टिनाचे पत्रे धरून माणसं उभी राहायची. आता दोन्ही पंचायतींनी मिळून एकच पक्कं शेड बांधायचं, लाकूड, पाणी, राखणदार सगळं सामायिक ठेवायचं ठरवलं होतं. बोरखेडीचा काठ पुरात खचतो, म्हणून जागा सावंगीच्या उंच काठावर निघाली.

"चला, जितेपणी नाही तर मेल्यावर तरी दोन गावं एका छताखाली येतील," मोजणीच्या वेळी सावंगीचे सरपंच भाऊराव म्हणाले. बोरखेडीचे सरपंच यशवंतराव नुसते हसले. ते बोलण्यात कच्चे. पण एक तरी काम आपल्या हातून तडीस जाईल असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. ग्रामसभेचा ठराव तेवढा उरला होता.

जेवताना त्यांनी आईला हे सांगितलं. अंबाबाईंनी हातातली भाकर ताटात ठेवली.

"मले तिथं नेजो नोको."

"काऊन, माय?"

"सावंगी माहं माहेर हाय. देल्ल्या लेकीले माहेरच्या शिवेत कोण जाळते? सासरच्यानं टाकून देल्ली, तिलेच. मी का टाकलेली हाव?"

जागा ठरवताना सगळ्यांनी पुराची रेघ पाहिली होती, गाडीरस्ता पाहिला होता. पण बोरखेडीच्या कितीतरी सुना सावंगीच्या लेकी आहेत, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळा विचार पुरुषांनी केला होता, आणि पुरुषाला माहेर-सासर अशी दोन गावं नसतात.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. बोललो तर ठराव फसेल. गप्प राहिलो तर बायाही गप्प राहतील, ठराव होईल, आणि एक दिवस आईला तिच्या शब्दाबाहेर जाऊन खांद्यावर घेऊन नाला ओलांडावा लागेल. सकाळी ते तिच्यापाशी जाऊन बसले.

"मग कसं केलं तर चालन, माय?"

अंबाबाईंनी निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला सारलं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारेल असं वाटलं नसावं.

"विसावा आपल्या काठावर ठेवा. तिथं तिरडी टेकवा, सासरचं पाणी पाजा. मंग पल्याडचे मुराळी न्याले येऊ दे. मुराळी आल्यावर लेक माहेरी जातेच."

ग्रामसभेला सावंगीची माणसंही आली होती; अंबाबाई बायांमध्ये बसल्या होत्या. यशवंतरावांनी अडखळत सगळं सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "शेड बांधून राहिले का सोयरीक जमवून राहिले?" हशा झाला. बाया मात्र हसल्या नाहीत.

भाऊराव उठले. "विसाव्याचा ओटा ठरावात घ्या. खांदेकरी आमचे." मग ते अंबाबाईंकडे वळले. "आणि तुमचे भाचे कोणी हजर नसले, आत्या, तर मी येईन."

भाऊराव सावंगीच्या बौद्धपुऱ्यातले. त्या वस्तीचा खांदा गावातल्या तिरडीला आजवर लागला नव्हता. यशवंतराव आईच्या तोंडाकडे पाहत राहिले. ठराव आता तिथेच अडला होता.

अंबाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"येजो, बापा," त्या म्हणाल्या. "पण घाई नोको करू."