पैलवानाचं पोट

बाइंडिंगच्या त्या कारखान्यात त्याला सगळे पैलवान म्हणत. म्हणणारच हो! रुंद खांदे, भरलेला चेहरा, दृष्ट लागावी अशी तब्येत. त्या सदऱ्याखाली, पोटाच्या उजव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली आहे आणि त्याचं शौच त्या पिशवीत उतरतं, हे कोणाच्या बापाला कळणार? आतड्याचा आजार, दोन ऑपरेशनं, आणि ही पिशवी आता जन्माची.

मालकाला माहीत होतं. पिशवी रिकामी करायची तर आत नळ हवा, म्हणून केबिनशेजारचा, दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र लावलेला संडास वापरायला त्याने पैलवानाला सांगून ठेवलं होतं. बाकीच्यांना मात्र कळू देऊ नका, एवढंच पैलवानाने हात जोडून मागितलं होतं. कारण ऑपरेशननंतर घरी आला, तर भावजयीने त्याचं ताट वेगळं मांडलेलं. भांडण नाही, टोमणा नाही, नुसतं वेगळं ताट. ते असं जिव्हारी लागलं की बायकोला घेऊन तो घराबाहेर पडला. आणि इथे कारखान्यात दुपारी सगळे एका टेबलाशी डबे उघडत, ज्याचा हात पोचेल त्या डब्यात घालत. बायको त्याला मुद्दाम चौघांना पुरेल एवढं देई, आणि त्याचाच डबा सगळ्यांत आधी फस्त होई. तेवढ्या सुखासाठी तो तोंडाला कुलूप लावून होता.

आता कामाची तऱ्हा ऐका. छापून घडी घातलेले कागद, त्यांना फर्मे म्हणतात. लांब टेबलाला लागून माणसं उभी राहतात, प्रत्येकाने आपला फर्मा चढवायचा आणि गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवायचा. एक जण गेला की त्याचं काम शेजाऱ्याच्या बोकांडी. पैलवानाचा शेजारी होता जावई. कोणाचा जावई नव्हे, मिजास बघून ठेवलेलं नाव. पैलवान दिवसातून चार-पाचदा जाणार, वेळ लावणार, आणि जावई दोघांचे फर्मे चढवत तळतळणार. एवढा धडधाकट माणूस, साहेबांच्या संडासात जाऊन आराम करतो, लाज नाही वाटत, असं तो येता-जाता बोलून दाखवी. शिलाईच्या मावशीही मान डोलवत. बघून तर काही दिसत नाही, म्हणत. दिसत नाही म्हणजे नाहीच, झालं यांचं निदान! डॉक्टरांनी उगाच इतकी वर्षं घालवली शिकण्यात.

त्या दिवशी मालक बाहेर गेला होता. जेवणाच्या जरा आधी पैलवान लगबगीने निघाला, तर जावई त्याच्या पुढे जाऊन दाराला पाठ लावून उभा. मागे सगळी मंडळी मजा बघायला जमली.

"चाकाची खुर्ची कुठाय तुझी?" जावयाने विचारलं.

"बाजूला हो. नंतर सांगतो."

"नंतर नाही. काय झालंय ते दाखव आणि खुशाल जा."

पिशवी फुगून तट्ट झाली होती. तिची कड सुटत चालल्याचं पैलवानाला कातडीवर कळत होतं. त्याने जावयाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. कोणी मध्ये पडेना. मग त्या आडदांड माणसाने मान खाली घालून सदरा वर केला.

कोणी हसलं नाही. जावई भिंतीला चिकटला. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आधी सांगायचं नाही का रे, बाळा?" त्या म्हणाल्या.

पैलवान धुऊन-पुसून, नवी पिशवी लावून, सदरा बदलून परत आला, तोवर जावयाने त्याचे सगळे फर्मे चढवून ठेवले होते. तो पैलवानाचे हात धरून माफी मागायला लागला. चुकलो म्हणाला, यापुढे कोणी अडवलं तर मला सांग म्हणाला. मनापासून म्हणाला हो. माणसं वाईट नव्हती, त्यानेच तर माझं डोकं फिरतं.

जेवायची सुट्टी झाली. खिडकीपाशी एक छोटं टेबल पुसून मांडलेलं होतं. तुला मोकळं बसता येईल, वारंही लागेल, मावशी मायेने म्हणाल्या. पैलवानाने तरी आपला डबा मोठ्या टेबलावर नेऊन उघडला, मधोमध सरकवला. मावशींचं पोट आज बरं नव्हतं. जावयाला भूक नव्हती. बाकीच्यांनी आपापले डबे थोडे जवळ ओढून घेतले. पैलवान थोडा वेळ थांबला, मग डबा उचलून खिडकीपाशी गेला.

पोटभर जेवायची त्याला मनाई होती. त्या दुपारी त्याने चौघांचा डबा एकट्याने संपवला.

संध्याकाळी पोट धरून घरी आला. बायकोने डबा उघडला, रिकामा बघून खूश झाली.

"संपला वाटतं सगळा?"

"संपला की," तो म्हणाला. "उद्या जरा जास्तच दे म्हणाले."

ती उद्याची भाजी निवडायला बसली.