चार फूट सात इंचांचा बोळ

“चार फूट आठ,” ऑपरेटर म्हणाला आणि त्याने पोलादी टेप सटकन गुंडाळली.

“थांबा हो, एवढी कसली घाई?” त्याच्या बायकोने गळ्यातली शिवणकामाची फीत काढली. “एका जागी मोजलं की झालं माप? मग मी इतकी वर्षं उगाचच गळा, छाती, कंबर मोजत बसले.”

घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधला बोळ तिने आधी गुडघ्याच्या उंचीवर मोजला, मग कमरेच्या, मग खांद्याच्या. खांद्याच्या उंचीवर पावसाच्या पाइपाची लोखंडी पकड भिंतीतून इंचभर पुढे आली होती. तिथे फीत चार फूट सातवर थांबली.

“आता बोला.”

“सात तर सात,” असं म्हणून त्याने वहीतला आठ खोडला.

या बोळातून मागच्या अंगणात यंत्र जायचं होतं. बायकोची थोरली बहीण पडली, तिचं कमरेचं हाड मोडलं, आणि आता ती चाकाच्या खुर्चीवर होती. दोन महिन्यांनी ती यांच्याकडे राहायला येणार होती, कायमची. मागची खोली तिच्यासाठी रिकामी केली होती, पण खोलीपर्यंत पाच पायऱ्या होत्या. त्यांच्या जागी लांब, कमी चढाची वाट करायची होती. खोलीला जोडून न्हाणीघर बांधायचं, त्याच्या सांडपाण्यासाठी सव्वाशे फूट चर खणायचा. चार मजूर येऊन एक दिवस खणून गेले. दीड फुटावर कठीण मुरूम लागला, तसे दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. भाड्याची मोठी यंत्रं बोळाच्या तोंडाशीच अडली असती. शिवाय मागच्या उतारावर दरवर्षी मातीचं काही ना काही काम निघायचंच. तेव्हा आपलंच एक छोटं यंत्र घ्यायचं ठरलं: लहान ट्रॅक्टर, पुढे माती उचलायला लोडर, मागे खणायला लोखंडी हात.

ठरलं म्हणजे ऑपरेटरने ठरवलं. एकतीस वर्षं त्याने दगडखाणीवर पोकलेन चालवला होता. खाणीवर त्याला नावाने कोणी हाक मारली नाही, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गल्लीतही तो ऑपरेटरच होता. या दोन वर्षांत त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, काहींना दोनदा. यंत्राचं बोलणं निघालं त्या दिवसापासून मात्र तो पहाटे उठून माहितीपत्रकं वाचत बसे आणि ट्रॅक्टर या विषयावर बायकोला न विचारलेली उत्तरं देई.

“किती आनंद झालाय तुम्हाला,” ती एकदा म्हणाली. “ताई पडली ते बरंच झालं म्हणायचं.”

“काहीतरीच काय!” तो म्हणाला, पण कान लाल झाले.

*

शोरूमच्या आवारात दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी होती, एक मोठं आणि एक त्याच्या खांद्याला लागेल एवढं. विक्रेता तरतरीत होता. त्याने पहिल्याच वाक्यात दोघांना काका-काकू करून टाकलं.

“काका, तुम्ही जाणकार. तुम्हाला मी काय सांगणार?” असं म्हणून त्याने वीस मिनिटं सांगितलं.

ऑपरेटरने मोजके प्रश्न विचारले. लोडर भरलेला असताना मागचं टोक उचलतं का? खणायचा हात काढून ठेवला तर मागे वजन काय लावायचं? चढावर यंत्र स्थिर ठेवणारे जॅकचे दोन्ही पाय वेगवेगळे खाली येतात का? विक्रेत्याची उत्तरं हळूहळू आखूड होत गेली.

“हे लहान किती रुंद?” बायकोने विचारलं.

“चार फूट एक, काकू.”

“चाकांचं माप सांगताय की लोडरच्या बकेटचं?”

विक्रेत्याने माहितीपत्रक उलटंपालटं केलं. मग तो स्वतःच टेप घेऊन खाली बसला. बकेट चाकांपेक्षा इंचभर जास्त होती.

“चार दोन. म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच अडीच इंच,” ती म्हणाली. “आणि ते मोठं?”

“पाच फूट दोन.”

तो प्रश्न तिथेच मिटला. मोठ्या यंत्राकडे ऑपरेटरने एकदा पाहिलं, आणि लहानावर चढला.

आवाराच्या मागे चाचणीसाठी मोकळी जमीन होती. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणलेली होती, आणि तिच्या कडेने चर खणून दाखवायचा होता. ऑपरेटरने खुर्ची मागे वळवली, जॅकचे पाय टेकवले, यंत्राची पाठ जमिनीपासून जराशी उचलली, पातळी डोळ्यांनी जोखली. हे सगळं त्याने इतक्या सहज केलं की विक्रेता गप्प राहून बघायला लागला. बायको सावलीत उभी होती. हा माणूस खाणीवर कसा दिसत असेल ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. डबा फाटकावर देऊन ती परत फिरत असे.

बकेट मातीत गेली, भरली. ती वर उचलायला त्याने उजवी दांडी मागे ओढली.

बकेट वर आली नाही, ती जमीन खरवडत थेट त्याच्याच दिशेने आली. त्याने दांडी आणखी ओढली. बकेट दोरीत अडकली, खुंटी कडकन मोडली आणि बकेट जॅकच्या पायावर आदळली. अख्खं यंत्र हललं.

“काका, सोडा, सोडा! दांडी सोडा!”

त्याने हात सोडले. इंजिन तेवढं चालू राहिलं.

“याची रचना वेगळी आहे,” विक्रेता जवळ येऊन म्हणाला. त्याचा आवाज समजूत घालणारा होता, आणि तेच ऑपरेटरला लागलं. “पोकलेनला उजव्या हाताने मोठा हात वर-खाली होतो ना? इथे तो डाव्या दांडीवर आहे. उजवी ओढली की पुढचा हात आत येतो.”

“माहितीये मला,” ऑपरेटर म्हणाला. आणि त्याला खरंच माहीत होतं. माहितीपत्रकात वाचलं होतं, वहीत आकृती काढली होती, चढण्याआधी मनात घोकलंही होतं.

त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी प्रत्येक हालचालीआधी तो क्षणभर थांबत होता. चार बकेटा नीट निघाल्या. पाचव्या वेळी बकेटखाली दगड लागला, यंत्राने हिसका दिला, आणि उजवा हात आपोआप मागे गेला. दुसरी खुंटीही मोडली.

“मोठ्यात रचना बदलायची सोय आहे,” विक्रेता म्हणाला. “एक खिट्टी फिरवली की अगदी तुमच्या पोकलेनसारखं.”

“आणि लहानात?”

“नाही हो. तेलाच्या नळ्या उलटसुलट जोडता येतील, पण कंपनीची हमी जाते. महिनाभर सराव करा, हात बसेल.”

विक्रेता चहा सांगायला गेला. नवराबायको बाकावर बसले.

“मोठं घ्यायचं का?” बायकोने विचारलं.

“नेणार कुठून? एक भिंत आपल्या घराची, एक शेजाऱ्यांची.”

“मग सराव करा. तुम्हाला काय अवघड आहे?”

त्याने दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले. “खाणीवर एक जण होता. माझ्याहून चांगला हात. त्याला अशाच दुसऱ्या रचनेच्या यंत्रावर बसवलं. सहा महिने काही झालं नाही. एक दिवस कडेची माती सुटली, तो दचकला, आणि बकेट उचलायची सोडून आत ओढली. पंपाची खोली गेली. आत कोणी नव्हतं, म्हणून नुसती खोलीच गेली.” तो थांबला. “सरावाने शांत हात शिकतो गं. घाबरलेला हात जुनंच करतो. आणि आपला चर घराच्या पायापासून दोन फुटांवरून जाणार. तिथे तू असणार, ताई असणार.”

“मग काय, नकोच म्हणायचं?”

चहा आला, त्याने तो एका घोटात संपवला. बायको उठली, पदर खोचला आणि यंत्राकडे निघाली.

“अहो काकू, कुठे?”

“बसून बघते. बसायला हमी लागते का?”

“तू?” ऑपरेटर म्हणाला.

“मी पायाने मशीन मारते, डाव्या हाताने कापड सरकवते, उजव्याने टाचण्या काढते आणि तोंडाने गिऱ्हाइकाशी भांडते. इथे तर भांडायचंही नाही. कोणती दांडी काय करते ते एकदाच सांगा, दोनदा नको.”

त्याने सांगितलं. तिने इंजिनचा वेग कमी ठेवला आणि नुसता हवेतच लोखंडी हात फिरवून पाहिला, डावी दांडी, उजवी दांडी, पुन्हा डावी. मग बकेट टेकवली. पहिला खड्डा वाकडा आला, दुसरा कमी वाकडा. तिसऱ्याला दगड लागला, यंत्राने हिसका दिला, आणि तिने दोन्ही दांड्या सोडून दिल्या. यंत्र जागच्या जागी थांबलं.

“काय झालं? बिघडलं का?” ती वरून ओरडली.

“नाही,” ऑपरेटर म्हणाला. “काही बिघडलं नाही.”

तिच्या हाताला जुनी सवयच नव्हती. दचकल्यावर तो कुठे परत जाणार? ही गोष्ट त्याला एखादं गणित सुटावं तशी स्वच्छ दिसली, आणि गणित सुटल्यावर होतो तसा आनंद मात्र झाला नाही. तो विक्रेत्याकडे वळला.

“लहान द्या. खुर्ची थोडी पुढे घेता येते का बघा. तिचे पाय पुरत नाहीयेत.”

“काकू चालवणार?” विक्रेत्याने हसू दाबलं.

“लोडर मी चालवीन. त्याला एकच दांडी आहे, ती जमेल मला. खणणार ती.”

परत येताना बायको म्हणाली, “गल्लीत काय सांगायचं?”

“सांग, ऑपरेटर बदलला.”

“चिडलात?”

“नाही.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “थोडासा.”

*

बारा दिवसांनी सकाळी चर सुरू झाला. मधले दिवस ती रोज दोन तास अंगणाच्या पार टोकाला निरुपयोगी खड्डे खणत आणि बुजवत होती. तो शेजारी उभा राहून सांगे: आता माती ओली लागली, बकेट जड होईल, आता आवाज खरखरीत आला, खाली मुरूम आहे, दात तिरपे लाव. जमिनीत काय आहे हे तिला कळत नव्हतं. त्याला पायांतून कळायचं.

आज इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू जाणार नव्हतं, म्हणून खुणा ठरल्या होत्या. तळहात वर म्हणजे उचल, खाली म्हणजे टेकव, मूठ म्हणजे थांब. तिने फक्त त्याच्या हाताकडे बघायचं.

पहिले तीस फूट छान गेले. चराची कड तिने शिवणीसारखी सरळ ठेवली होती. घराच्या पायाजवळ आल्यावर मात्र बकेट दोनदा मध्येच अडखळली. तिने इंजिन मंद केलं.

“अहो, नक्की काय सांगताय? उचल म्हणताय की आत ओढ म्हणताय?”

“मी कुठे काय म्हणालो?”

“तो बघा तुमचा उजवा हात. बकेट भरली की मागे जातो. मला वाटतं खूण आहे.”

त्याने खाली पाहिलं. उजव्या हाताची मूठ अर्धवट वळलेली होती, तिथे नसलेल्या दांडीभोवती. तो काही क्षण त्या मुठीकडे बघत राहिला, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

“बरं,” तो म्हणाला. “चालू कर.”

चराच्या वाटेत पुरलेल्या पाण्याच्या जुन्या पाइपाची जागा आता जेमतेम हातभर पुढे होती. तो चराच्या कडेला, तिला नीट दिसेल असा उभा राहिला. उजवा हात त्याने पँटच्या खिशात घातला, खोल, मनगटापर्यंत. मग डावा हात वर केला आणि तळहात हळूच खाली वळवला.

बकेट अलगद मातीला टेकली.