धर्माजीचं बहिरेपण

धर्माजीने नंबर लावला, आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन जवळा निवडत बसलेल्या रखमापुढे ओट्यावर ठेवला.

"ही बाई काय बोलते बघ. मला ऐकू नाय येत."

"काल तर येत होतं," रखमा म्हणाली.

"काल येत होतं. पहाटे जाळ्यातल्या घोळीने शेपटी मारली, नेमकी कानावर."

दातिवऱ्यात धर्माजी तांडेलाचं बोलणं कोणी मनावर घेत नसे. याच माणसाने ऐन समुद्रात देवमाशाच्या पाठीवर चूल मांडून चहा केला होता, असं तोच सांगे. त्यामुळे बहिरेपणही खपून गेलं.

खरं तर ते फोन सुनेसाठी होते. रूपलचं गरोदरपण नोंदवताना आशाताईने नंबर विचारला, तेव्हा घरचा कर्ता म्हणून रखमाने नवऱ्याचा दिला. दर सोमवारी आपोआप येणारा रेकॉर्ड केलेला सल्ला सुनेऐवजी सासऱ्याला मिळू लागला. तोच नंबर लावला की तो परत ऐकता येई. पहिला फोन जाळं ओढताना आला. पोटातलं बाळ आता लाथा मारू लागेल, असं बाईने सांगितलं आणि खलाशी आठ दिवस हसले. धर्माजीही हसला. घरी मात्र गप्प राहिला. सासऱ्याने सुनेशी असलं बोलायचं कसं?

कालचा फोन ऐकून तो हसला नाही. रूपलची जोडवी चार दिवसांपासून खिडकीत पडून होती. बोटांत शिरत नव्हती. तो रखमाला म्हणाला, सुनेला आजच पालघरच्या दवाखान्यात नेऊ. रखमाने विचारलं, देवमाशाने सांगितलं काय?

आता तीच बाई ओट्यावर बोलत होती. डोकं सारखं दुखत असेल, हातपाय, चेहरा सुजला असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर थांबू नका. झटके येऊ शकतात. आईच्या जिवाला धोका असतो.

रखमाचे हात जवळ्यातच राहिले.

"परत लाव."

धर्माजीचा हात फोनकडे निघाला होता, तेवढ्यात त्याला आपलं बहिरेपण आठवलं. तसाच बसून राहिला. तिने बोटाने फोन दाखवला, तेव्हा त्याने परत लावला. दुसऱ्यांदा ऐकून रखमा आत गेली आणि रूपलला हाताला धरूनच बाहेर आली. "रिक्षा बोलव," तिने खुणेने सांगितलं.

पालघरला डॉक्टर फार बोलले नाहीत. रक्तदाब खूप वाढलाय, लगेच ऑपरेशन करावं लागेल, एवढंच. रूपलचा नवरा प्रीतम होडीवर होता. सही धर्माजीने केली.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. बऱ्याच वेळाने रखमा समोरच्या भिंतीकडे बघत हळूच बोलू लागली. बहिऱ्याच्या शेजारी बसून माणूस स्वतःशी बोलतं, तशी.

"चंद्री बी बोलली होती, डोकं दुखतं. तीन दिस बोलत होती. मी बोलली, सोंगं करते. बोंबील सुकवायला धाडली उन्हात."

चंद्रकांता त्यांची लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्या महिन्यात झटके येऊन गेली. एकोणीस वर्षं झाली. बाहेरचं लागलं, असं गाव म्हणालं. भगताला बोलवायला धर्माजी स्वतः गेला होता. त्या तीन दिवसांचं रखमाने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

धर्माजी मान वर करून पंख्याकडे बघत राहिला.

दार उघडून नर्स म्हणाली, मुलगी झाली, आई ठीक आहे. धर्माजी हलला नाही. रखमाने त्याचा खांदा हलवला आणि कानाशी ओरडून सांगितलं. त्याने कानाला हात लावला.

"काय बोलली?"

त्याला तेव्हापासून ऐकू येत नाही. सोमवारचा फोन रखमाच उचलते. नातीच्या लसींचं ती त्याला ओरडून सांगते. चंद्रीचं मात्र त्याच्या शेजारी बसून हळू बोलते.