अकबरबी मशीनवर बसली

गावात दंगा झाला तेव्हा अकबरबी आणि तिच्या मोहल्ल्यातली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी परतूरला आली. शहराबाहेर त्यांना पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. तिथल्या बायकांना शिवण शिकवायला सगुणाबाई रोज वाटूरहून यायची. बसमध्ये उभं राहून पाय भरून यायचे आणि वर्गात पुन्हा तेच: वाकडी टीप, तुटलेला दोरा, उसवा आणि परत शिवा. तरी साजियासारख्या पोरी शिकत होत्या. म्हातारी अकबरबी मात्र उंबऱ्यावर बसून नुसती बघायची.

"खाला, बसा की मशीनवर."

"मला कशाला, बाई? आम्ही वापस जाऊन राह्यलो ना गावाला."

उन्हाळा आला तरी गावातून कुणी परत बोलवलं नाही. शेवटी तिचा लेक अबुजर स्वतःच जाऊन आला. जळालेल्या घराच्या जागेवर कुणीतरी कडबा रचला होता.

दुसऱ्या दिवशी अकबरबी वर्गाला आली नाही, तेव्हा सगुणाबाई तिच्या खोलीवर गेली. मदतीच्या वाटपात मिळालेली भांडी पोत्यात तशीच बांधलेली होती. सगुणाबाई जमिनीवरच टेकली. समजूत घालायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"माझं गाव धरणात गेलं, खाला. मी बी लई दिवस भांडी काढली न्हाईत. सासू म्हणायची, पाणी उतरंल."

"मंग?"

"न्हाई उतरलं."

अकबरबीनं पोत्याची गाठ सोडली, पेला काढला आणि सगुणाबाईला पाणी दिलं.

"दाराला पडदा पाहिजे," ती म्हणाली. "रस्त्यावरून सगळं दिसतं."

त्या दिवशी ती मशीनवर बसली. पाय जमेना, चाक उलटं फिरे. शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. कापड धरून धरून सगुणाबाईचे खांदे दुखायला लागले. संध्याकाळी पडदा लागला.

"खाला, एका बाजूनं उतरला," साजिया हसली.

"उतरू दे."

शेजारच्या मळ्यातली चांगुणाबाई पडद्यापाशी थांबली. "कुणी शिवला? मला बी पाहिजे एक."

"मला अजून सरळ जमत न्हाई," अकबरबी म्हणाली.

"माझं दार तरी कुठं सरळ हाय?"

अकबरबीनं थकलेल्या डोळ्यांनी सगुणाबाईकडे पाहिलं. सगुणाबाईनं नुसती मान डोलावली.

"बरं," अकबरबी म्हणाली. "कपडा घेऊन ये. पण जल्दी करू नको."