हंड्याच्या गळ्यावरची पाच अक्षरं

"रोजच्या स्वयंपाकाची भांडी कायद्यानं सोडलीत," दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरचा कारकून म्हणाला आणि ओटीवर मांडलेल्या तांब्या-पितळेकडे वळला. "ही मोठी कुणाची?"

"माझी. माझ्या बापानं दिलेली," प्रेमलता म्हणाली.

कारकुनानं एक घागर उजेडात धरून मोठ्यानं वाचलं, "ह. ज. राऊत."

हरिश्चंद्र जनार्दन राऊत खांबाला टेकून उभा होता. आपलं नाव ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केळ्यांच्या व्यापारात त्यानं हात पोळून घेतले, बायकोचे, प्रेमलताचे, दागिने गहाण टाकले आणि सगळं तिच्यापासून लपवलं. तिला कळलं ते आगाशीच्या बाजारात, परक्यांच्या तोंडून. ती बोळिंजला भावाकडे निघून गेली. दोघांनी संमतीनं घटस्फोट मागितला तेव्हा विहिरीकडची आठ गुंठे वाडी तिच्या नावावर करीन, असं त्यानं कोर्टात लिहून दिलं. तेवढ्यापुरता तरी तो माणसासारखा वागला होता. पण कोर्टाची सहा महिन्यांची मुदत सरायच्या आत घेणेकरी दारात बसले आणि त्यानं दिवाळखोरीचा अर्ज केला. वकील म्हणाला, "वाडी अजून तुमच्याच नावावर ना? मग ती आता रिसीव्हरची. बाईंनी घेणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहावं." हे प्रेमलताला तोंडानं सांगायची हिंमतसुद्धा या गड्याला झाली नाही. तिला पोस्टानं नोटीस गेली.

आता तिच्यासाठी उरली होती ती ही माहेरची भांडी.

लग्नाकार्यात भांडी गावभर फिरतात, अदलाबदल होते. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो ती आगाशीला नावं घालायला घेऊन गेला होता. प्रेमलतानं चिठ्ठी दिली होती, 'चि. सौ. कां. प्रेमलता हिस वडिलांकडून'. नावं घालणारा अक्षराला पाच पैसे घेई. ह्यानं चिठ्ठी खिशात घातली, पाच अक्षरांत काम उरकलं आणि वाचलेल्या पैशांत हॉटेलात भजी खाल्ली. घरी येऊन वर ऐट दाखवली, "राऊतांच्या घरात राऊतांचंच नाव!"

"साहेब, भांडी तिचीच हायत," हरिश्चंद्र कसाबसा म्हणाला. "अक्षरांचे पैसे वाचवायला मी माझं नाव घातलं."

खतपेंडीचा दुकानदार बाबूशेठ, त्याचा सगळ्यात मोठा घेणेकरी, खो खो हसला. "एवढी वर्षं नाय आठवलं, आज आठवलं? उद्या म्हनशील, घरपन सासऱ्याचं!"

पंच म्हणून बसलेला शेजारी सेबेस्टियन खाली बघू लागला. दोन वर्षं हरिश्चंद्र खोटं बोलत होता आणि ते बिनबोभाट खपत होतं. आज खरं बोलला, तर कुणी ऐकून घेईना.

"बाईंनी कोर्टात अर्ज करावा. पावती जोडावी," कारकून म्हणाला. पावती कुठली, आणि देणारा बाप तरी कुठे होता!

शेवटी राहिला पाणी तापवायचा तांब्याचा हंडा, चुलीवर काळाठिक्कर पडलेला. कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं गळ्यावरून बोट फिरवलं, काजळी रुमालाला पुसली. "याच्यावर नाव दिसत नाही. हा बाईंचा म्हणून सोडतो."

"घासून बघा ना!" बाबूशेठ म्हणाला.

"कशाला घासायचा? जाऊ द्या ना तो," हरिश्चंद्र घाईघाईनं बोलून गेला.

सकाळपासून पहिल्यांदाच प्रेमलतानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय ते समजलं. हंडा ओढत ती विहिरीच्या कट्ट्यावर गेली आणि चिंच, राख घेऊन बसली.

"वैनी, राहू दे ना," सेबेस्टियन म्हणाला.

"नको. या घरात खोट्याचं खूप झालं."

ती घासू लागली. काजळी सुटली, तांबं लाल दिसू लागलं आणि गळ्याशी एकेक अक्षर वर आलं. कारकुनानं उसासा टाकून यादीत हंडा लिहिला.

"लिहिलं बाई. पुरे आता."

पण तिचा हात थांबला नाही. तिनं पोट घासलं, मग बूड घासलं. "माझ्या बापानं दिला तेव्हा लखलखीत होता. असा काळा जायचा नाय."

शरमेनं हरिश्चंद्राची मान वर होईना. प्रेमलतानं हंडा विसळून ओटीसमोर उन्हात आणून ठेवला, पदराला हात पुसले आणि ती बोळिंजच्या वाटेला लागली. ओटीवर बसल्या जागेवरून सगळ्यांना ती पाच अक्षरं वाचता येत होती.