ईश्वरीच्या नावाचा सोंडकिडा

आखातात, खलिफा सिटीत मुलाकडे राहणाऱ्या दत्तप्रसाद सरांनी नामिबियात सापडलेल्या सोंडकिड्याच्या एका नव्या जातीला आपल्या गेलेल्या लेकीचं, ईश्वरीचं, नाव दिलं होतं. त्यांची जुनी विद्यार्थिनी मृणालिनी नमुने घेऊन आली, तेव्हा तिला बेल दाबवेना. ती नवी जात नव्हतीच. आधीच नाव असलेल्या किड्याची ती मादी निघाली होती.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून दोन्ही नमुने पुन्हापुन्हा पाहिले. मादीची सोंड तेवढी लांब, बाकी सगळं सारखं.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “खलास. तुझ्या रिसर्च पेपरमध्ये लिहून टाक.”

“सर, थोडं थांबू या का?”

“नको गं. चूक माझी आहे, मीच निस्तरतो.”

मृणालिनीने लॅपटॉप उघडला. नाव रद्द करणारी ओळ सरांनीच सांगितली. ‘ईश्वरी’ म्हणताना मात्र त्यांना तीनदा थांबावं लागलं.